हिरड्यांचा गंज आणि साडूची कॅप्सूल

गौरी-गणपतीत सासुरवाडीला गेलो होतो. सासुरवाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर आहे. गाडी रस्त्याला ठेवून पुढे चढण चालत जावी लागते, त्यामुळे जावयाचा रुबाब निम्मा वाटेतच घामावाटे उतरतो. उरलेला निम्मा मी पडवीत बसल्या बसल्या घालवला.

सासूबाईंनी परसातले पेरू आणून पुढ्यात ठेवले. मी एक उचलला, कचकन दात मारला, चावता चावता हातातल्या पेरूकडे पाहिलं आणि चारचौघांत म्हणालो, "वा! लाल पेरू! आतून लाल निघणारा पेरू हल्ली मिळतो कुठे?" एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण एकदा तोंड उघडल्यावर थांबणं आमच्या घराण्यात नाही. लाल पेरू पांढऱ्यापेक्षा गोड का लागतो ते मी सांगितलं, त्याची रोपं आता का दुर्मीळ झाली ते सांगितलं, या झाडाची कलमं करून ठेवा असा सल्लाही दिला. सासूबाईंनी डोक्यावरचा पदर सावरत सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "जावयबापू, आमचा पेरू पांढरा हाय."

मी पेरू फिरवून बघितला. दुधासारखा पांढरा. लाल होता तो फक्त माझे दात लागले तेवढा भाग.

पडवीतल्या सगळ्यांनी आधी पेरूकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. सासूबाई माझ्या बायकोला म्हणाल्या, "गो, ह्यांच्या हिरड्यांतनं रक्त येतंय नी तुला ठाव नाय?"

"माझ्यासमोर ते तोंड बंद कधी ठेवतात, आत काय चाललंय ते दिसायला?" बायको म्हणाली. तर्क उलटा होता, पण लोक हसले.

आमच्या घरात हिरड्यांतून रक्त येणं हा हसण्याचा विषय नव्हता, आणि हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं. माझे वडील गोष्टी सांगायचे. सावित्री नदीच्या काठी आमचं गाव आहे. भाताच्या झोडणीला खळ्यावर माणसं जमायची ती निम्मी कामाला आणि निम्मी वडिलांचं बोलणं ऐकायला. पन्नाशीच्या आसपास त्यांच्या हिरड्या सुजल्या, रक्त यायला लागलं, पुढचे दात हलले आणि एकामागून एक गेले. मग शब्द फटीतून निसटायला लागले. पोरं हसली. वडीलही आधी हसले, मग पंच्याचं टोक तोंडापुढे धरून बोलायला लागले, मग नुसते हुंकार देऊ लागले. शेवटची वर्षं ते पडवीच्या खांबाला टेकून बसायचे आणि कुणी काही विचारलं तर मान हलवायचे. त्यांची भाकरी दुधात कुस्करून द्यायचं काम माझ्या बायकोकडे होतं. ती नवी सून होती.

आता बारशापासून बाराव्यापर्यंत नात्यात कुठेही माणसं जमली की मला पुढे करतात: "तुम्ही बोला." दुसरं काही येत नाही, म्हणून हे येतं. तेव्हा माझ्या तोंडातून रक्त येणं याचा अर्थ घरात आम्हां दोघांना बरोबर कळला होता. फक्त मी तो कळला नाही असं दाखवलं. या कलेत माझा हात धरणारा कुणी नाही.

आणि नेमका तेव्हाच माझा साडू पुढे सरसावला.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मुंबईत असतो. तिथे नेमकं काय करतो हे मला आजतागायत कळलेलं नाही. दर गणपतीला त्याच्या खिशात वेगळं कार्ड असतं. एका वर्षी तो पाणी शुद्ध करण्याचं यंत्र विकत होता. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पिणाऱ्या माणसांना त्याने ते विकायचा प्रयत्न केला. पुढच्या वर्षी लोहचुंबकाची गादी आली. या वर्षी कार्डावर 'हेल्थ ॲडव्हायजर' होतं.

"भाऊ, टेन्शन नाय घ्यायचं," तो म्हणाला, "ये तो सिंपल आहे. ऑक्सिडेशन झालंय. तुमच्या गम्सना गंज लागलाय, गंज!"

हा शब्द त्याने दुसऱ्या कुणापुढे उच्चारला असता तर फुकट गेला असता. मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. मेंटेनन्स म्हणजे बाहेरच्यांना फार भारी वाटतं. आमच्याकडे त्याचा अर्थ गंजाशी भांडणं. कोकणातला पाऊस आणि रसायनांची वाफ एकत्र आली की लोखंड हे खायची वस्तू असल्यासारखं संपत जातं. जिने, कठडे, पाइपांचे आधार, टाक्यांच्या कडा, सगळीकडे वर्षभर आमची लढाई चालू असते आणि गंज जिंकत असतो. माझ्या ओळखीत इतका चिवट शत्रू दुसरा नाही. माझ्या तोंडात तोच आहे म्हटल्यावर मला भीती वाटायच्या ऐवजी बरं वाटलं. ओळखीचा निघाला ना!

साडूने पिशवीतून सामान काढलं. सासूबाईंकडून काचेचा पेला मागून घेतला, त्यात पाणी ओतलं आणि जखमेवर लावतात त्या तपकिरी औषधाचे थेंब टाकले. पाणी काढ्यासारखं झालं. "हे तुमचं बॉडी," तो म्हणाला. मग एक कॅप्सूल उघडून त्यातली पूड आत सोडली आणि चमच्याने ढवळली. पाणी बघता बघता नितळ झालं.

पडवीतली माणसं पेल्याभोवती वाकली. माझं अर्धं आयुष्य पाण्यात काही टाकलं की रंग येतो हे बघण्यात गेलं. रंग जाताना पहिल्यांदा पाहत होतो. हा चमत्कार पेल्यात होतो म्हणून हिरड्यांत का व्हावा, हा प्रश्न मला सुचायला हवा होता. पण मी कारखान्यातला माणूस. प्रात्यक्षिक बघितलं की माझी बुद्धी सही करून मोकळी होते.

"मग आता ह्ये प्यायचं का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाय नाय, मम्मी, हे फक्त दाखवायला. डेमो."

सासूबाईंनी तो पेला उचलून परसात नेऊन ओतला आणि राखेने दोनदा घासला.

कॅप्सूलचं नाव लांबलचक होतं. अँटिऑक्सिडंट एवढंच माझ्या लक्षात राहिलं, कारण गंजाच्या विरुद्ध लढणारं ते, असा मी सोयीचा अर्थ लावून घेतला. आत द्राक्षाच्या बिया होत्या, हिरवा चहा होता, कुठल्याशा परदेशी फळाची साल होती, जीवनसत्त्वं तर होतीच. आम्ही साडूभाऊ, त्यामुळे त्याने मला 'फॅमिली रेट' लावला. तो बाजारभावापेक्षा कमी होता की जास्त, हे अजून गुलदस्त्यात आहे. डोंगर उतरताना बायको म्हणाली, "महाडला बाजारपेठेत दातांची डॉक्टरीण हाय. मुंबईच्या बॅगेपेक्षा जवळ."

"आधी हे करून बघू," मी म्हणालो. खरं कारण असं की मला दातांच्या डॉक्टरची भीती वाटते. टाकीच्या शिडीवर चढून पट्टा न बांधता काम केलेला माणूस मी. पण त्या आडव्या खुर्चीत पडून कुणीतरी तोंडात लोखंड घालतंय, या कल्पनेने माझे पाय गार पडतात. कॅप्सूल गिळायला धैर्य लागत नाही. बहुतेक म्हणूनच ती इतकी खपते.

त्यानंतरचा महिना माझ्या आरोग्याचा सुवर्णकाळ होता. सकाळी उठायचं, कॅप्सूल घ्यायची, आरशात ओठ खाली ओढून बघायचं. रक्त यायचं थांबलं! मी बायकोला बोलावून दाखवलं. ती ब्रशकडे बघून म्हणाली, "रक्त येतं त्या जागी तुम्ही ब्रश लावतच नाय. चूळ भरता नी बाहेर येता. रक्त येईल कुठून?"

यात तथ्य होतं. खालच्या पुढच्या दातांना ब्रश लागला की झोंबायचं, म्हणून मी त्यांना वगळून घासायचो. पण तथ्य आणि विज्ञान यांत फरक असतो, असं मी तिला सुनावलं. साडूला फोन करून ही आनंदाची बातमी दिली, तर तो म्हणाला, "भाऊ, एक व्हॉइस मेसेज टाका ना ग्रुपवर. तुमच्या आवाजात. तुम्ही बोललात की लोक ऐकतात."

याला नाही म्हणणं माझ्या स्वभावात नव्हतं. मी घसा खाकरून जो निरोप रेकॉर्ड केला तो लांबीने एखाद्या कीर्तनाच्या पूर्वरंगाएवढा होता. त्यात पेरू होता, गंज होता, लोखंड आणि हिरडी यांची तुलना होती, वडिलांची आठवण होती, आणि शेवटी "आज मी ताठ मानेने दात दाखवू शकतो" असं वाक्य होतं. ते ऐकून मला स्वतःलाच भरून आलं. निरोप पोलादपूर-महाडच्या सगळ्या नात्यात फिरला. बाजारात भेटलेला एक दूरचा मामा म्हणाला, "फार छान बोललास रे. कसल्या गोळ्या त्या? आमच्या गुडघ्याला चालतील का?"

दिवाळीत चकलीने माझा तेजोभंग केला.

दात हलतो हे जगात सगळ्यात आधी जिभेला कळतं. चकलीचा तुकडा मोडताना खालचा पुढचा एक दात जरासा मागे झुकला आणि परत उभा राहिला. मी थांबलो. जीभ तिकडे गेली. मग दिवसभर ती तिथेच होती, एकाला ढकलून बघ, शेजारच्याला ढकलून बघ. पुढचे खालचे चारही हलत होते. एक जास्त, तीन कमी. मी हे कुणाला सांगितलं नाही. कॅप्सूल मात्र एकाच्या जागी दोन घ्यायला लागलो, कारण गंज वाढला तर रंगाचे हात वाढवावेत, असा माझा हिशोब.

"चकली चहात बुडवून खातात?" बायकोने विचारलं.

"नवीन पद्धत आहे."

"कुठली?"

"पुण्याकडची."

तिने ताटली उचलून आत नेली. पण भाऊबीजेला घर भरलं, भाचरं-पुतणी गोल करून बसली आणि "काका, गोष्ट" सुरू झालं, तेव्हा तिचं लक्ष माझ्यावर होतं. मी पाचाडला जाताना एसटीत भेटलेल्या कोंबडीवाल्याची गोष्ट सांगत होतो. ही माझी हुकमी गोष्ट. कोंबडी कंडक्टरच्या टोपीवर बसते तिथे हशा ठरलेला. तो आला. मीही हसलो. आणि हसताना माझा हात आपोआप तोंडापुढे गेला.

मला ते कळलंसुद्धा नव्हतं. समोर दाराशी फराळाचं ताट घेऊन उभी असलेली बायको बघत होती, ती बघतेय म्हणून मी माझ्या हाताकडे पाहिलं. वडिलांच्या हातात पंच्याचं टोक असायचं. माझ्या हातात काहीच नव्हतं, एवढाच फरक. मी हात खाली घेतला आणि गोष्ट आवरती घेतली. कोंबडी पाचाडला उतरायच्या आत संपवली.

पाहुणे गेल्यावर तिने कॅप्सूलची बाटली खिडकीपाशी नेली, चष्मा लावला आणि मागची बारीक अक्षरं वाचायला लागली. ती दहावी झालेली आहे, इंग्रजी जुळवून वाचते. "नॉट फॉर मेडिसिनल यूज," तिने वाचलं. "म्हंजे औषध म्हणून वापरायची नाय. बाटलीच सांगतेय."

मी साडूला फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला, म्हणजे तिलाही ऐकू जावं.

"अरे भाऊ, वो तो गव्हर्मेंटचं फॉर्मॅलिटी आहे," साडू म्हणाला. "सगळ्यांना लिहावं लागतं."

"खोकल्याच्या औषधावर नाय लिवत," बायको लांबून म्हणाली.

"ताई, दात हलतात ना, ते गुड साइन आहे. आतला टॉक्सिन बाहेर पडतोय."

"टॉक्सिनबरोबर दातपण बाहेर पडतायत, त्याचं काय?"

"ताई, तुमचा आवाज कट होतोय," साडू म्हणाला आणि फोन ठेवला. आमच्या बाजूला रेंज पूर्ण होती.

फोन बंद झाल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली. "मामंजींची भाकरी मी कुस्करली," ती म्हणाली, "त्याचं काय नाय. म्हातारं माणूस होतं. पण ते बोलायचे बंद झाले नी घरात भांडी आपटली तरी बरं वाटायचं, एवढं ते घर मुकं झालं होतं. मी एकदा बघितलंय ते. दुसऱ्यांदा नाय बघणार. सांगून ठेवते."

कुठल्याही शहाण्या माणसाने दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठला असता. मी म्हणालो, "ही बाटली संपू दे, मग बघू." आपण विकत घेतलेली वस्तू निकामी आहे हे मान्य करण्यापेक्षा दात गेलेले परवडतात.

पाऊस सरला की आमच्या कारखान्यात रंगकाम निघतं. त्या वर्षी टाकीच्या जिन्याचा कठडा एका कंत्राटदाराला दिला होता. त्याच्या माणसांनी काम झटपट उरकलं, कठडा पिवळाधमक दिसायला लागला, मी पाठ थोपटली. आठवडा नाही गेला तोच रंगाला फुगे आले आणि फुग्यांतून तांबडं पाणी ओघळलं. रविवारी सकाळी घरी पोह्यांची बशी पुढ्यात असताना मी कंत्राटदाराला फोनवर झाडत होतो.

"अरे, गंज काढलाच नाहीत तुम्ही! तसाच वरून रंग फासलात. वरून चोपडून काय उपयोग, सांग मला? रंग कितीही भारी आण, परदेशी आण, पण तो बसणार कशावर? गंजावर? आधी खरवडायचं. तारेचा ब्रश मारायचा. सांध्यात, कोपऱ्यात, जिथे हात जात नाही तिथपर्यंत खरवडायचं. स्वच्छ लोखंड दिसलं की मग रेड ऑक्साइडचा पहिला हात, मग रंग. हे मी लहान पोराला..."

समोर बायको उभी होती. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हाताच्या तळव्यावर माझी सकाळची कॅप्सूल. ती हसत नव्हती. रागावलेलीही नव्हती. भात शिजला की नाही हे बघायला झाकण उचलून थांबावं, तशी थांबली होती.

मी वाक्य सोडून दिलं.

"हॅलो? साहेब?" कंत्राटदार म्हणाला. "ऐकताय ना?"

"ऐकतोय," मी म्हणालो.

उभं आयुष्य जे काम केलं, ज्याच्या जोरावर लोकांना शिव्या घातल्या, तेच मी स्वतःच्या तोंडात करत नव्हतो. कंत्राटदाराने निदान पिवळा रंग तरी मारला होता. मी द्राक्षाच्या बिया गिळत होतो. बायकोने कॅप्सूल परत बाटलीत टाकली, तांब्या खाली ठेवला आणि म्हणाली, "पोहे खाऊन घ्या. उद्या जायचं."

दातांची डॉक्टर आमच्या पुतणीच्या वयाची निघाली. तिने मला "काका" म्हटलं, त्यामुळे ओरडायची सोय राहिली नाही. तिने आरसा घातला, एक बारीक सळई हिरडीच्या कडेने आत सरकवत नेली, आणि ती किती आत जाते हे मदतनीस बाईला सांगत गेली. ती सळई जेवढी आत गेली तेवढं खोल माझ्या तोंडात काही असेल, याची मला कल्पना नव्हती.

"तंबाखू?" तिने विचारलं.

"सोडली," मी म्हणालो.

"सोडली का लपवली?" कोपऱ्यातल्या खुर्चीतून बायकोचा प्रश्न आला.

"सोडली," मी पुन्हा म्हणालो, पण या वेळी खुर्चीकडे बघून. तिथून हं ऐकू आलं. डॉक्टरने साखरही तपासायला लावली. ती ठीक निघाली. ही माझ्या शरीराबद्दलची त्या आठवड्यातली एकमेव चांगली बातमी.

मग तिने एक्स-रे उजेडापुढे धरला. "हे बघा काका, दातांना धरून ठेवणारं हाड. हे इथपर्यंत हवं होतं. ते इथे आलंय. हिरडीच्या खाली किटण जमून त्याचा दगड झालाय. तो तिथे आहे तोवर सूज जाणार नाही आणि हाड खाली जात राहणार. वडिलांना त्रास होता का?"

"सगळे दात गेले," बायकोने सांगितलं. "लवकर."

"मग तुम्हीही लवकर यायला हवं होतं. तीन दात वाचवायचा प्रयत्न करू. हा चौथा..." तिने मान हलवली.

मी खिशातून बाटली काढून तिच्यापुढे ठेवली. मला वाटलं होतं ती हसेल. ती मागची अक्षरं वाचून म्हणाली, "खायच्या तर खा. किटण काढून सफाई झाल्यावर अशा गोष्टींनी थोडी मदत होते, असं काही जण म्हणतात. मी छातीठोक सांगणार नाही. पण सफाईच्या ऐवजी? दगड कॅप्सूलने विरघळत नाही, काका. तो काढावाच लागतो."

"खरवडून," मी म्हणालो.

"हो. खरवडून."

"सांध्यात, कोपऱ्यात, जिथे हात जात नाही तिथपर्यंत," कोपऱ्यातून बायको म्हणाली. डॉक्टरला वाटलं तिला दातांची माहिती आहे.

त्या खुर्चीतल्या पुढच्या भेटींचं वर्णन मी करणार नाही, कारण मला शूर दिसायचं आहे. एवढंच सांगतो की तिच्या यंत्राचा आवाज आमच्या टाकीवर चालणाऱ्या यंत्रासारखाच होता, फक्त ती टाकी मी होतो. बधिर केलेल्या ओठामागे काहीतरी कटकट तुटत होतं. एकदा तिने थांबून निघालेला काळपट खडा मला दाखवला. तो मी इतकी वर्षं दाताचा भाग समजून जिभेने कुरवाळत होतो. घरी आल्यावर बायको ब्रश हातात देऊन मोरीच्या दाराशी उभी राहायची आणि खालचा ओठ ओढून दाखवायला लावायची. आमच्या साइटवर काम तपासायला मी उभा राहतो, तशी. हळूहळू रक्त येणं थांबलं, आणि या वेळी ब्रश लावून थांबलं. तीन दात एकेक करून घट्ट व्हायला लागले. चौथा मात्र हलत राहिला, आणि शेवटच्या भेटीत डॉक्टरने तो काढला. फार जोर लावावा लागला नाही. तो निघायलाच बसला होता.

"आज जास्त बोलू नका," तिने कापसाचा बोळा दाबून सांगितलं. बायकोने तो सल्ला माझ्या तोंडाकडे बघत डॉक्टरकडून दोनदा वदवून घेतला.

रिक्षात तिने माझा मोबाइल घेतला, साडूचा ग्रुप उघडला आणि स्वतः निरोप रेकॉर्ड केला. मी बोळ्याआडून अडवायला बघत होतो, पण नुसता घोगरा आवाज निघत होता. "ह्यांचा एक दात आज काढला," ती म्हणाली. "डॉक्टरनं हिरड्या साफ केल्या म्हणून बाकीचे ऱ्हायले. मागे ह्यांनी कॅप्सूलचं जे सांगितलं ते ऐकू नका. कोणाच्या हिरड्यांतनं रक्त येत आसंल तर गप दवाखान्यात जावा. गुडघेवाल्यांनी पण." माझ्या कीर्तनाला जी गर्दी जमली नव्हती ती या चार-पाच वाक्यांना जमली. साडूने थोड्याच वेळात ग्रुपवर आता फक्त त्याला एकट्यालाच बोलता येईल अशी सोय करून टाकली.

घरी आलो. बोळा काढला. मोरीतल्या आरशात ओठ ओढून पाहिलं. तीन दात जागेवर होते आणि मधे एक अंधारी खिडकी. मी हळूच "पाचाड" म्हणून बघितलं. नीट म्हटलं गेलं की नाही, मला ठरवता येईना. दुसऱ्यांदा म्हणायचा धीर झाला नाही.

खरं तर डॉक्टरने "जास्त" बोलू नका म्हटलं होतं. मी अजिबात बोललो नाही. शेजारी चौकशीला आले, मी मान हलवली. कंत्राटदाराचा फोन आला, मी उचलला नाही. दुपार गेली, उन्हं कलली, आणि मी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर भिंतीला टेकून बसून राहिलो. आतून भांड्यांचे आवाज येत होते. जरा मोठेच येत होते. एकदा ताटली पडली. मग झाकण पडलं. मी उठलो नाही.

संध्याकाळी ती गार केलेला मऊ भात आणि तूप घेऊन आली. भात कुस्करलेला नव्हता. ताट माझ्या हातात दिलं आणि समोरच्या खुर्चीत बसली. मी जेवायला लागलो. ती माझ्याकडे बघत होती. मी मान हलवून बरा आहे असं दाखवलं.

"मान नका हलवू," ती म्हणाली. "एकच गेलाय. आता बोला कायतरी. खोटं आसलं तरी चालंल."